आधी झेंडा, मग ताट

भूपालअण्णांना कुरकुरीत जिलेबी कशी लागते ते जन्मभर कळलं नाही.

कोल्हापुरात राहून हे जमवणं सोपं नव्हे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला आमच्या गावाला जिलेबीचं काय वेड लागतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आदल्या दिवसापासून चौकाचौकांत मांडव पडतात, कढया चढतात आणि सकाळी झेंडावंदन झालं की गणवेशातली पोरं, कडक इस्त्रीचे साहेब, फिरायला निघालेले म्हातारे सगळे एकाच रांगेत दिसतात. त्या दिवशी पावशेर मागणाऱ्याकडे जिलेबीवाला जरा वाकडंच बघतो. अण्णाही रांगेत असत. अर्धा किलो घेत, घरी नेत, स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावत आणि तो डबा संध्याकाळपर्यंत उघडत नसत. ऑगस्टातली इथली हवा म्हणजे भिंतीला ओल आणि बरणीतल्या मिठाला पाणी. संध्याकाळपर्यंत जिलेबीचं काय होणार?

"नुसती चिंधी होत्या बघ," त्यांच्या पत्नी पद्माक्का म्हणायच्या. "आणि चातुर्मासात आंबवलेलं खाऊ नये म्हणतो मी, तर ह्यांची एका दिवसाची माफी! खायचीच हाय तर सकाळी गरम गरम खावा की. पण न्हाई. चिंधीच पायजे."

अण्णा ती चिंधी अगदी चवीनं खात. कुणी ताजी पुढे केली तर हाताच्या पंजानंच नको म्हणत. का, ते मला फार उशिरा कळलं.

मी पेठ वडगावची. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा आमच्या गॅलरीतून तीन गोष्टी दिसायच्या: समोरची तालीम, तालमीपुढचा दगडी कट्टा आणि त्या कट्ट्यात रोवलेला लोखंडी पाइप. त्या पाइपाला वर्षातून तीनदा झेंडा लागायचा. एरवी त्याला कुणाची तरी म्हैस बांधलेली असायची. अण्णांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. जैन कुटुंब, मूळचं इचलकरंजीकडचं, तीन पिढ्या इथेच. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरी चूल पेटत नसे आणि पेटीतले दागिने जपावेत तसं अण्णा हे सूर्याचं जेवण जपत.

बाजारात त्यांचं दोराचं दुकान होतं. कासरे, दावी, सोल, सुतळी, विहिरीचे दोर. दिवसभर वाखात बसल्यामुळे अण्णांच्या टोपीवर, भुवयांवर, कानाच्या केसांवर सोनेरी तुसं चिकटलेली असत. ठेंगणा, रुंद माणूस, तळहात खरखरीत, आणि आवाज असा की शेजारच्या घरात कुजबुजले तरी आम्हाला जेवणाचा बेत कळे. गिऱ्हाइकांशी त्यांचं बोलणं ऐकायला मी मुद्दाम दुकानात थांबत असे. एकदा एका शेतकऱ्यानं कासरा हातात धरून विचारलं, "टिकंल न्हवं?"

"पावणं," अण्णा म्हणाले, "तुटला तर मला न्या आणि म्हशीच्या जागी बांधा. दूध तेवढं मागू नगा."

खिशात कायम हातभर सुतळी. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, पोराच्या दप्तराचा पट्टा निघाला, भाजीवालीच्या छत्रीची काडी निसटली की अण्णा रस्त्यातच उकिडवे बसणार, बांधून देणार आणि पुढे चालायला लागणार. माझ्या गॅलरीतली कपडे वाळवायची दोरी पाहून त्यांनी पहिल्याच महिन्यात खालून ओरडून सांगितलं होतं, "वैनी, ती दोरी न्हाई, झोळी झाल्या. पोरगं निजवायचंय काय त्यात?" मी नवी नवरी. गल्लीभर हशा झाला. मला राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी दोरी अशी ताणून मिळाली की ती पुढे वीस वर्षं सैल झाली नाही.

गाठीवर त्यांचा भारी जीव. वाईट गाठ पाहिली की त्यांना खरोखरच त्रास होई. "बांधताना सोडणाऱ्याची आठवण ठेवायला नगं?" असं म्हणत ते दुसऱ्याच्या गाठी सोडवत बसत. म्हणूनच तालमीच्या झेंड्याचा दोर दरवर्षी त्यांच्या दुकानातून येई. नवा, सुती. नायलॉन आल्यावर दुकानात त्यांनी नायलॉन ठेवलं, झेंड्याला मात्र लावू दिलं नाही. चौदा तारखेला अण्णा झेंड्याची घडी घालायचे, आत झेंडूच्या पाकळ्या भरायचे आणि वर अशी गाठ मारायचे की एका झटक्यात सुटावी. आजूबाजूच्या चौकांत दरवर्षी कुठे ना कुठे फजिती व्हायची. पाहुणे दोर ओढतायत, झेंडा सुटत नाही, मग पोरगं वर चढवा. आमच्याकडे असं कधी झालं नाही. नगरसेवक येवोत नाहीतर बँकेचे साहेब, दोर त्यांच्या हातात देऊन अण्णा एक पाऊल मागे उभे राहत. त्या सगळ्या वर्षांच्या फोटोंत अण्णा कुठेतरी अर्धे आहेत. टोपी किंवा एक कोपर.

पण हे सकाळचं झालं. सकाळी झेंडा चढवायला सगळं जग येतं. अण्णांचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं.

झेंडा मावळतीच्या आत उतरला पाहिजे हा तेव्हाचा नियम. आणि तो एकट्यानं, चोरून न्यावा तसा उतरवायचा नाही, हा अण्णांचा नियम. निदान चार माणसं सावधान उभी पाहिजेत. दोर हळूहळू सोडायचा, झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही, चौघांनी मिळून घडी घालायची आणि तालमीच्या कपाटात ठेवायची. मी आले तेव्हा चार काय, चाळीस माणसं असत. आता ते सगळे देशप्रेमानं येत होते असं मी म्हणणार नाही. अण्णा शेवटी शेंगा आणि गुळाचा खडा वाटायचे आणि पोरं शेंगांवर डोळा ठेवूनच सॅल्यूट मारायची. बाया जेवणाआधी दोन घटका बोलायला मिळतं म्हणून यायच्या. पण यायच्या. तालमीचे म्हातारे दादू वस्ताद खुर्ची टाकून बसायचे आणि झेंडा खाली यायला लागला की त्या मोडक्या गुडघ्यांवर उठून उभे राहायचे. त्यांना उठायला कुणी हात दिलेला चालत नसे.

मग एकेक गोष्ट आड आली. आधी टीव्हीवरचे सिनेमे, मग पोरांच्या शिकवण्या. वस्ताद गेले, कुस्त्या थांबल्या, तालमीत कॅरम आला. आणि नंतर तो लाँग वीकेंड. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी किंवा सोमवारी आला की गल्ली कशी उपडी केल्यासारखी रिकामी. आठला झेंडावंदन, नऊला जिलेबी, दहाला गाड्या भरून मलकापूरच्या रस्त्यानं आंबा घाटात नाहीतर थेट कोकणात. उत्साह कमी झाला असं मात्र कुणी म्हणू नये. सकाळचा उत्साह उलट वाढला. डीजे आला, मोटारसायकलींची रॅली आली, गालावर रंग काढून घ्यायला पोरी रांगेत उभ्या राहायला लागल्या, फोटो काढून संपेनात. पण तो उत्साह नऊच्या सुमाराला संपायचा, आणि वर झेंडा दिवसभर एकटा ओला होत राहायचा.

संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर येऊन उभे राहत. आधी माणसांची वाट बघत, मग दारोदार हाका मारत. "अवो पाटील! अगं शांते! कोण हाय का घरात? पाच मिनिटं या की." दोन-चार दारं उघडायची. मग ती पण उघडेनाशी झाली. मी जात असे. पद्माक्का कंबर धरत येत. अण्णा धरून तीन. चौथ्यासाठी काय काय पाहिलंय मी! एकदा एक गाडी देवीच्या दर्शनाला आली होती आणि पुढे जागा मिळेना म्हणून आमच्या गल्लीत घुटमळत होती. अण्णांनी काचेवर टकटक केली.

"पावणं, गाडी लावायला जागा देतो. माझ्या दारात लावा. फक्त पाच मिनिटं हितं उभं ऱ्हायचं."

तो बिचारा अर्ध्या चड्डीत, हातात छत्री. झेंडा खाली यायला लागला तसे अण्णा पुढे बघतच म्हणाले, "छत्री मिटवा, पावणं." त्यानं मिटवली. पाऊस अंगावर घेत ताठ उभा राहिला. घडी झाल्यावर अण्णांनी त्याच्या ओल्या मुठीत शेंगा कोंबल्या आणि अक्षरशः पळत घरात गेले. पायात चप्पल नाही, धोतराचा सोगा हातात. मला हसू आवरेना. मी पद्माक्कांना विचारलं, "एवढं काय पळायचं?"

"दिस बुडायला आलाय की गं. सकाळपास्नं पोटात काय न्हाई त्यांच्या."

तेव्हा मला कळलं. त्या दिवशी अण्णा एकाशन करत. एकच जेवण, आणि तेही झेंडा उतरल्यावर. म्हणजे झेंडा उतरायचा आणि सूर्य बुडायचा, या दोहोंच्या मध्ये जी काय फट असेल तेवढीच त्यांची. माणसं वेळेवर जमली तर ताट. नाही जमली तर शेवटपर्यंत वाट बघायची, मावळतीला आहे त्या माणसांत झेंडा उतरवायचा, आणि मग रात्र उपाशी. पुढच्या काही वर्षांत असं बऱ्याचदा झालं. ढगांत सूर्य दिसतच नसे. अण्णा दुकानातल्या कॅलेंडरावरची मावळतीची वेळ पाहून यायचे आणि घड्याळाकडे न बघता रस्त्याकडे बघत उभे राहायचे.

एकदा मी चिडूनच म्हणाले, "अण्णा, दुपारी दोन घास खाऊन घेतलेत तर कुठला धर्म बुडणार आहे?"

ते हसले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं ते हसणं फार लहान होतं. म्हणाले, "वैनी, एकदा आधी जेवलतो मी."

बाकीचं पद्माक्कांनी सांगितलं. तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

"मी लगीन होऊन आलतो त्याच वर्षाची गोष्ट. वस्तादांनी ह्यांच्यावर झेंडा सोपवलेला. पैल्याच बारीला. वस्ताद कुस्त्यांला भायेर गावी. सांजच्याला पाऊस असा उठला, काळोखच झाला. माझी सासू म्हणाली, दिस बुडायला आलाय, आधी जेव, मग जा. आमच्यात तेच की. दिस बुडल्यावर घास न्हाई. हे म्हणालं, जेवतो चटदिशी आन् उतरवतो. बसलं जेवायला. मी पैल्यांदा पोळ्या केलत्या पुरणाच्या, नवी नवरी न्हवं का मी, आग्रह केला. अजून एक, अजून एक. जेवलं आन् पाऊस काय थांबंना. म्हणालं, जरा पडतो. पडलं ते झोपलं."

"आणि झेंडा?"

"रातभर तसाच. सकाळी वस्ताद आलं, तवा ह्ये धावत गेलं. वस्तादांनी सोताच उतरवलता. तालमीत, कुस्तीच्या हौद्यावर दोरी बांधून वाळत टाकलता. तांबड्या मातीत थेंब पडालेते. ह्यांनी पाय धरलं. वस्ताद मारतील म्हणून हे तयार होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी वर बघितलं बी न्हाई. एवढंच म्हणालं, 'जेवलास न्हवं? मग झालं.'"

पद्माक्कांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आग्रह मी केलता," त्या म्हणाल्या. "आन् उपाशी हे ऱ्हात्यात."

मला तेव्हा वस्तादांचा राग आला. अजूनही येतो. एका वाक्यावर माणसाला जन्मभर टांगून ठेवायचं म्हणजे काय? पण अण्णांना तो राग कधी आला नाही. वस्तादांचं नाव निघालं की ते टोपी नीट करत.

मग घरोघरी झेंडे लावायची मोहीम आली. त्या वर्षी मी अण्णांना जेवढं आनंदात पाहिलं तेवढं त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. तेरा तारखेला सकाळी ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वर करून चालत गेले आणि परत आले. प्रत्येक गॅलरीत झेंडा. पत्र्याच्या घरावर झेंडा, पानपट्टीवर झेंडा, नव्या अपार्टमेंटच्या तर खिडकीखिडकीत. "वैनी, बगा की! उगंच आपण नावं ठेवत होतो लोकास्नी," ते मला खालून ओरडून सांगत होते. त्यांचे डोळे भरले होते. दोराच्या तुसामुळे नव्हे.

पंधरा तारीख गेली. सोळा गेली. वीस गेली. गौरी-गणपती आले. झेंडे तिथेच. पातळ पॉलिस्टरचे ते, पावसानं काठीला चिकटले, केशरी रंग पांढऱ्यात उतरला, काहींच्या चिंध्या केबलच्या तारेला गुंडाळल्या. लावायला सगळ्यांना हुरूप होता, काढायचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. अण्णा पिशवी आणि एक लांब काठी घेऊन निघाले. दारं वाजवून विचारायचे, "झेंडा काढू का?" कुणी "काढा की" म्हणून दार लावायचं. कुणी "असू दे अण्णा, पुढच्या वर्षी परत लावायचाच हाय" म्हणायचं. काढलेले झेंडे ते घरी नेत, धुवून सावलीत वाळवत, घडी करून दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवत. पद्माक्कांच्या स्वयंपाकघरात आडवी दोरी बांधली होती आणि झेंड्यांखालून वाकून त्या पोळ्या करत.

अपार्टमेंटमध्ये ते झालं. पहिल्या मजल्यावरचा एक जण, नवीनच राहायला आलेला. अण्णांनी खालून काठीनं त्याच्या गॅलरीतला लोंबणारा झेंडा सोडवायला घेतला तसा तो बाहेर आला.

"ए म्हाताऱ्या, काय करालाईस? झेंड्याला विरोध हाय काय तुझा?"

मी दुधाची पिशवी घेऊन मागेच होते. अण्णांनी काठी खाली घेतली. बाजारातला तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. त्यानं मोबाइल काढला, धरला अण्णांच्या तोंडावर, आणि म्हणाला, "सांग की. का काढतोस झेंडा? सांग सगळ्यास्नी."

"भिजालाय म्हणून," अण्णा म्हणाले. एवढंच.

मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोही वरमला थोडा, मोबाइल खिशात घातला. पण अण्णांनी ती काठी परत हातात घेतली नाही. वाटेत मी बोलत होते, ते ऐकत नव्हते. घराच्या पायरीशी थांबून फक्त म्हणाले, "विरोध म्हणाला की हो, वैनी." त्या वर्षापासून अण्णा म्हातारे दिसायला लागले. गुडघे गेले, दुकान मुलानं भाड्यानं दिलं. मुलगा पुण्याला. वरच्या फळीवरचे झेंडे अण्णांनी घरी आणून पेटीत ठेवले.

झेंडा मात्र चालूच होता. आता चौथं माणूस शोधायला ते फिरत नसत. कट्ट्यावर बसून राहत, मी आणि पद्माक्का जात असू. मावळतीला उतरवायचा. पळत घरी जायचं त्यांचं केव्हाच बंद झालं होतं, कारण पळता येत नव्हतं. बहुतेक वेळा डबा तसाच राही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिळी जिलेबी खाऊन ते उपास सोडत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालमीच्या मंडळानं ठरवलं, कट्टा काढायचा आणि तिथे मोठा खांब उभारायचा. मंडळाचा अध्यक्ष संग्राम, म्हणजे दादू वस्तादांचा नातू. वाईट पोरगा नाही. उलट अण्णांवर त्याची माया. जुना पाइप काढायच्या दिवशी तो स्वतः अण्णांना सांगायला आला होता, "अण्णा, आपल्या चौकाचा झेंडा लांबनं दिसला पायजे. स्टँडवर उतरलेल्या माणसाला दिसला पायजे." अण्णा म्हणाले, "चांगलं हाय की." आणि पद्माक्कांकडून चालायची काठी मागून घेऊन, दुकान भाड्यानं घेतलेल्या माणसाकडे चालत गेले. येताना नव्या सुती दोराची गुंडाळी घेऊन आले. केवढी मोठी! खांब उंच होणार म्हणून दोर लांब.

पंधरा ऑगस्टला काय थाट झाला! डीजे, ढोल, ड्रोन. रस्ता दिसेना एवढी माणसं. बटण दाबलं आणि तो प्रचंड झेंडा आपोआप वर गेला, वर जाऊन उलगडला. सगळे ओरडले, माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. अण्णा नवी टोपी घालून, गुंडाळी बगलेत धरून मागे उभे होते. कुणी मागितली नाही. मग जिलेबीची रांग, मग फोटो, मग गाड्या. अकरापर्यंत गल्ली रिकामी.

संध्याकाळी पाऊस नव्हता. कधी नव्हे तो पश्चिमेला ढग फाटला होता आणि पिवळं ऊन चौकात आलं होतं. अण्णा खांबाखाली येऊन उभे राहिले. मी गेले, पद्माक्का दारातच थांबल्या. त्यांना आता पायऱ्या उतरवत नव्हत्या. ताट वाढून ठेवलं होतं, तो डबा त्यांच्या हातात होता. संग्राम तेवढ्यात मोटारसायकलवरून आला, मागे बायको, पुढे पोर. कुठेतरी निघाले होते.

"अण्णा, हितं काय करालाय?"

"उतरवायचा न्हाई व्हय? दिस चाललाय."

संग्राम गाडी बंद करून खाली उतरला. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, तुमास्नी सांगितलंच न्हाई का कुणी? आता उतरवायला नगं. नियम बदललाय. रातध्याड वर ऱ्हाईला चालतो. लाइट बसवलाय की आपण, ते बगा." त्यानं बोट वर केलं. "आता तुमास्नी काय ताप न्हाई. लई वर्षं केलंसा. जावा घरात, जेवा निवांत."

त्यानं ते अगदी मायेनं सांगितलं. त्याच्या आजोबांचं ते वाक्य त्याला ठाऊकही नसणार. गाडी सुरू झाली, पोरानं अण्णांना टाटा केला, ते गेले.

अण्णा खांबाकडे बघत राहिले. मग बगलेतली गुंडाळी त्यांनी खाली ठेवली आणि खांबाला हात लावून त्याच्याभोवती हळूहळू फिरायला लागले. गुळगुळीत, पांढरा, दोन हातांत न मावणारा खांब. एक फेरी झाली. वाकून खाली चाचपलं, पुन्हा वर हात पोचेल तिथवर चाचपलं. खालच्या बाजूला एक लहानसं दार होतं, त्याला कुलूप.

"काय शोधता, अण्णा?" मी विचारलं.

"दोर कुठं हाय ह्याचा?"

"आत असतो. मोटारीवर चालतो."

"आत," ते म्हणाले. पुन्हा एकदा तळहात त्या कुलपाच्या दारावर ठेवला, गिऱ्हाइकानं परत आणलेला दोर तपासावा तसा. ऊन गेलं. वरचा दिवा लागला आणि त्या झेंड्यावर पांढरा झगझगीत उजेड पडला. पद्माक्कांनी दारातून हाक मारली, "अवो, या की आता. दिस बुडायला आलाय. न्हाई उतरवायचा म्हणत्यात न्हवं? या, घासभर खावा."

अण्णांनी मान वर केली. उजेडानं डोळे बारीक झाले. त्यांचा तो बाजारातला आवाज मी त्या दिवशी शेवटचा ऐकला, सगळ्या रिकाम्या गल्लीला ऐकू जाईल एवढा.

"अगं, वर हाय की अजून. जेवू कसा?"

पद्माक्का तो जिलेबीचा डबा पदराखाली घेऊन आत गेल्या, आणि अण्णा कुलपाच्या दाराला पाठ टेकून झेंड्याखाली बसले.